पुलाखालच्या पाण्याचा आकडा

सांगलीत ज्याने बातमीदार म्हणून पावसाळे काढले, त्याच्या मनात आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा आकडा कायमचा वस्तीला आलेला असतो. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला आणि त्यांचेच नाव धारण करणारा हा पूल एरवी सांगलीवाडीला शहराशी जोडण्याचे आपले काम निमूटपणे करीत असतो. परंतु आषाढ-श्रावणात कृष्णा तांबडी होऊन वाहू लागली की साऱ्या शहराचे लक्ष त्याच्या खांबावर रंगवलेल्या फुटांच्या खुणांकडे लागते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे पाटबंधारे खात्याच्या दप्तरी नमूद असले तरी नदीकाठच्या लहान मुलालाही ते मुखोद्गत असते. बातमी कशासाठी असते, या प्रश्नाचे जे उत्तर मला माझ्या व्यवसायात सापडले, ते या खुणांपाशीच सापडले. ज्याला बातमी सांगायची, त्याला आज रात्री काहीतरी ठरवायचे असते. आणि ते ठरवण्यापुरते खरे, नेमके व वेळेवर त्याच्या हाती पडावे, यासाठी बातमीदाराने आपली शक्ती वेचायची असते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सायंकाळच्या मराठी बातम्या ऐकणे हा आमच्या पिढीचा नित्यनेम होऊन बसला. प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्यासारख्या निवेदकांचे स्वच्छ आणि संयत वाचन हाच आम्हाला मापदंड वाटे, आणि आजही वाटतो. परंतु त्या बातम्यांत जिल्ह्याचे नाव यावे ते एखादा भीषण अपघात झाला किंवा मंत्र्यांचा दौरा निघाला तर. एरवी जिल्हा हा सारा जणू मौनात असे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत केबलच्या तारा गच्च्यागच्च्यांवरून पसरू लागल्या, १९९५ साली या जाळ्यांचे नियमन करणारा कायदा झाला, आणि त्याच सुमारास आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी स्थानिक बातम्यांचे अर्ध्या तासाचे वार्तापत्र सुरू झाले. एका जिल्हा दैनिकाच्या कचेरीत मुद्रितशोधन आणि कोर्टकचेऱ्यांची बातमीदारी करीत असलेला मी त्या वेळी या नव्या माध्यमाकडे वळलो. एका लहानशा खोलीत दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन चाले, भिंतीवर निळे कापड ताणलेले असे, आणि तयार झालेल्या कॅसेटच्या प्रती काढून मुले त्या मोटारसायकलींवरून निरनिराळ्या भागांतील केबलचालकांच्या कंट्रोल रूमवर पोचवीत. शहराच्या एका टोकाला वार्तापत्र संपत आलेले असावे आणि दुसऱ्या टोकाला ते नुकते सुरू व्हावे, असे नित्य घडे.

त्या वार्तापत्रात काय असे? मार्केट यार्डात हळदीचे, गुळाचे आणि बेदाण्याचे सौदे कोणत्या दराने निघाले. उद्या नळाला पाणी येणार की जलवाहिनी फुटल्यामुळे दोन दिवस येणार नाही. कोणत्या भागातली वीज दुरुस्तीसाठी किती वाजेपर्यंत बंद राहील. कोणाचे निधन झाले आणि अंत्ययात्रा कोठून किती वाजता निघेल. मुंबईच्या दृष्टीने यातले एक अक्षरही बातमी नव्हे. तरीपण ज्या घरात हळदीची पोती विकायची राहिली होती, ज्या घरात दुसऱ्या दिवशी लग्न होते, त्या घराला या अर्ध्या तासाइतके निकडीचे दुसरे काहीही नव्हते. शिवाय या धंद्यात बातमीदार आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अंतर असे उरतच नाही. काल ज्यांच्याविषयी आपण बोललो, ती माणसे आज सकाळी बसस्थानकासमोर चहा पिताना समोर उभी असतात, आणि चुकीचा दर, चुकीचे नाव, चुकीची वेळ यांचा जाब तेथल्या तेथे द्यावा लागतो. लेखणीला आणि कॅमेऱ्याला याहून चांगला पहारेकरी मला आजवर दिसलेला नाही.

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात या सगळ्याची कसोटी लागली. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, महानगर बुडाले, आणि साहजिकच राज्याचे व देशाचे सारे लक्ष तिकडे गेले. इकडे सह्याद्रीच्या कुशीत कोयना आणि वारणा या दोन्ही खोऱ्यांत पाऊस खळेना. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की ते पाणी काही तासांनी सांगलीत येते. हरिपूरला संगमेश्वराच्या पायथ्याशी वारणा कृष्णेला मिळते. आणि त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा फुगलेली असली तर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. पुलाखालचा आकडा हा असा तीन नद्यांचा मिळून ठरतो. हे कोष्टक ध्यानात आल्याखेरीज सांगलीचा पूर कोणालाही सांगता येणार नाही, आणि ते मला कोणत्याही ग्रंथातून नव्हे तर पातळी मोजणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडून समजले.

हा गृहस्थ पाटबंधारे खात्यात अगदी खालच्या हुद्द्यावर होता. रात्री छत्री मानेत धरून तो विजेरीचा झोत खांबावर टाकी. पाणी स्थिर असते तर पट्टी वाचणे कोणालाही जमले असते. पण पुराचे पाणी खांबावर आपटून हातभर वर चढते आणि तितकेच खाली बसते. वर चढलेली लाट आणि खाली बसलेली लाट यांच्यामधली जागा तो डोळ्यांनी धरी, थांबे, पुन्हा पाही, आणखी एकदा पाही, आणि मगच “एकावन्न दोन” असे हलक्या आवाजात उच्चारून वहीत आधी वेळ आणि मग आकडा मांडी. मी अधीर होऊन विचारले की कॅसेट निघायची वेळ झाली आहे, एकावन्न सांगून टाकू का, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, दोन इंच म्हणजे कुणाच्या तरी जोत्याची एक पायरी आहे.” शोधपत्रकारितेवर पुढे मी व्याख्याने ऐकली आणि पुस्तकेही वाचली; परंतु तपशिलाची बूज राखण्याचा याहून मोठा धडा मला त्यांत आढळला नाही.

त्या पुरात आम्ही एक गोष्ट केली, जिचा मला आजही अभिमान वाटतो. पुलावरचा आकडा सांगून न थांबता त्या आकड्याला शहरात कोठे पाणी आले, याची रुजवात आम्ही घालू लागलो. ४० च्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नदीलगतच्या वस्त्या. धोक्याची पातळी ओलांडून पाणी चढतच राहिले की मारुती चौक. त्यानंतर कोणती गल्ली, कोणती पेठ, कोणत्या देवळाची कितवी पायरी, असे एक टिपण आमच्या वहीत तयार होत गेले. वार्तापत्रात आम्ही ते वाचून दाखवू. पूर आलेल्या भागातील वीज तोडावी लागत असल्यामुळे ज्यांना त्याची अधिक गरज, त्यांचेच दूरदर्शन संच बंद पडलेले असत, ही अडचण खरीच होती. पण विश्रामबागेसारख्या उंचावरच्या भागातले नातलग ते ऐकून घरच्या फोनवरून गावभागात कळवीत, आणि तेथून ते गच्चीवरून गच्चीवर ओरडून पुढे जाई. बातमीचा प्रवास इतका उघड्या डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य फार थोड्या बातमीदारांच्या वाट्याला येत असेल.

गावभागाच्या नदीकडच्या अंगाला राहणाऱ्या एका गवळ्याने मला त्या रात्री गुडघाभर पाण्यात अडवले. “काका, ते फूट-इंच ऱ्हाऊ द्या. रातीत चढंल का थांबंल एवढं सांगा. एकदा दावी सोडली की जनावरं परत गोळा हुत न्हाईत.” भविष्य वर्तवणे हे बातमीदाराचे काम नव्हे, हे मला माहीत होते, पण ज्या गोष्टींवरून अंदाज बांधता येतो, त्या सर्व त्याच्यापुढे ठेवणे हे माझेच काम होते. कोयनेतून किती क्युसेक सुटले आहे, मागच्या तीन तासांत पाणी तासाला किती इंच चढले, नृसिंहवाडीला पंचगंगेची काय अवस्था आहे, हे मी त्याला एकेक करून सांगितले. तो सारे ऐकून घेऊन क्षणभर गप्प राहिला, “सोडतो मग,” म्हणाला, आणि म्हशी घेऊन विश्रामबागेच्या बाजूला निघून गेला. निर्णय त्याचा होता, आणि तो त्याने माहितीवर घेतला होता. वार्तांकनाचे साफल्य म्हणून मला कोणी एक प्रसंग विचारला तर मी हाच सांगेन.

पाणी साडेत्रेपन्न फुटांच्या पुढे जाऊन थांबले आणि ओसरू लागले, तेव्हा मी हरिपूरला गेलो. हळदीची पेवे ही हरिपूरची शतकाहून जुनी संपदा; जमिनीत खोल खोदलेल्या या कोठारांत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते, आणि सांगलीच्या हळद बाजाराची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी या पेवांवर उभी राहिलेली. पुराचे पाणी त्यांत शिरले होते. पेवाचे तोंड उघडले तेव्हा आतून जो कुबट वास आला तो कॅमेऱ्यात येणे शक्य नव्हते. एका वृद्ध व्यापाऱ्याने आत हात घालून मूठभर हळद वर काढली. ती बोटांच्या दाबासरशी पिठासारखी फुटली आणि त्याचा तळहात पिवळा होऊन राहिला. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तळहाताचे ते दृश्य आम्ही कोणत्याही निवेदनाविना दाखवले, आणि त्याखाली फक्त पंचनामे कोठे व कोणत्या कागदपत्रांनिशी चालू आहेत, एवढा मजकूर दिला.

यथावकाश उपग्रहवाहिन्या आल्या. २००० साली ईटीव्ही मराठी, २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा; पाहता पाहता जिल्ह्याजिल्ह्यांत वाहिन्यांचे प्रतिनिधी दिसू लागले, आणि मीही त्यांपैकी एका वाहिनीचे काम पाहू लागलो. प्रथम कॅसेट रात्रीच्या गाडीने मुंबईस रवाना करावी लागे. पुढे इंटरनेटवरून दृश्ये जाऊ लागली, आणि शेवटी तर पाठीवरच्या पिशवीतल्या यंत्रातून थेट प्रक्षेपण होऊ लागले. साधनांच्या या प्रगतीने जिल्ह्याचा आवाज राज्यभर गेला, हे निर्विवाद आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु तिच्याबरोबर एक भेदही माझ्या लक्षात येऊ लागला. नागपूरच्या किंवा ठाण्याच्या प्रेक्षकाला सांगलीचा पूर समजायचा तर तो दृश्यांतूनच समजणार. म्हणून मुंबईच्या डेस्कवरून, पाण्यात उभे राहून बोला, बोटीतून बोला, अशा सूचना येत. सांगलीच्या प्रेक्षकाला पाणी दाखवण्याचे प्रयोजनच नव्हते, ते त्याच्या ओट्याशी होते. त्याला हवा असे आकडा. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्या एका वेळी एका माणसाकडून पुऱ्या होत नाहीत, आणि ओढाताण झाली की दृश्याचे पारडे जड होते. स्थानिक वार्तापत्रे हळूहळू क्षीण होत गेली. माझ्या मते तो आपल्या जिल्ह्यांच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा तोटा आहे.

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल उसळून संचारबंदी लागली, तेव्हाचे दिवस आठवले की अजूनही मन उद्विग्न होते. दगड कोणत्या वास्तूवर पडतो आहे किंवा कोणाचा हात वर उगारला आहे, हे दाखवणारी दृश्ये मजजवळ होती; ती मी पाठवली नाहीत, आणि त्या निर्णयाचे समर्थन करण्यास मी आजही सिद्ध आहे. मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ पासूनच्या वानलेस रुग्णालयाच्या परंपरेमुळे सीमाभागातून, थेट कर्नाटकातून रोगी तेथे येतात. त्यांचे नातलग संचारबंदीत अडकून पडले होते. संचारबंदी किती वाजता शिथिल होणार, दूध कोठे मिळेल, औषधाचे दुकान कोणते उघडे आहे, रोग्याला घेऊन येणाऱ्या गाडीला कोणत्या नाक्यावर सोडतात, यांची उत्तरे मी पोलीस अंमलदारांकडून खातरजमा करून घेऊन दिवसभर फोनवरून देत राहिलो. बातमी म्हणून मला तीच महत्त्वाची वाटली.

आमच्या जिल्ह्याची दुसरी बाजू मात्र फार थोड्या बाहेरच्या बातमीदारांनी पाहिली. पश्चिमेला पूर आणि पूर्वेला जत-आटपाडीचा दुष्काळ, हा एकाच जिल्ह्याचा वृत्तान्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीची पहिली खेप, १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, १२ एप्रिलला लातूरला पोचली. नंतर ५० वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. मिरज स्थानकावर दिल्लीपासूनचे कॅमेरे आले होते. कृष्णेचे पाणी मराठवाड्याच्या घशाखाली उतरते आहे, याचे समाधान त्या फलाटावरच्या प्रत्येक हमालाच्या चेहऱ्यावर मी पाहिले, आणि ते अगदी निखळ होते. पण त्याच संध्याकाळी जतच्या एका शेतकऱ्याने मला विचारले, “आमच्याकडं कवा येणार वो?” हा प्रश्नही त्याच्याच शब्दांत मी त्या दिवशीच्या वृत्तान्तात जोडून पाठवला, कारण टँकरची वाट पाहत घागरी रांगेत मांडणारी गावे आमच्याच जिल्ह्यात होती, आणि लातूरला दिलेल्या पाण्याचा हेवा न करताही तो प्रश्न विचारता येत होता.

ऑगस्ट २०१९ चा पूर हा माझ्या बातमीदारीतील अखेरचा मोठा विषय. या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. म्हणजे २००५ च्या वर जवळजवळ चार फूट. १४ वर्षांत हातोहाती मोबाइल आले होते, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता, आकडा तर क्षणाक्षणाला सगळीकडे फिरत होता. असे असूनही शेकडो कुटुंबे घरात अडकली. त्याचे एक कारण मी घरोघर ऐकले: “२००५ ला उंबऱ्याला लागून गेलं हुतं, आत न्हाई आलं.” भिंतीवरची २००५ ची खूण हीच त्यांनी पुराची शेवटची मर्यादा मानली होती, सामान त्या खुणेच्या वीतभर वर ठेवून माणसे निश्चिंत झाली होती. ५४ झाले, ५५ झाले, तेव्हा त्या आकड्याला कोणत्या गल्लीत पाणी येते याचे टिपण कोणाहीजवळ नव्हते, कारण इतके पाणी आयुष्यात कोणी पाहिलेच नव्हते. त्यानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने पुराला अलमट्टी धरण कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. नदीकाठच्या अनेकांना तो आजही मान्य नाही. कारणांची ही चर्चा व्हावी, जरूर व्हावी. पण पुढच्या पुरात गल्लीतल्या माणसाला प्रथम लागणार आहे ते ५४ पासून वरचे टिपण.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे, पुरातून माणसांना बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली आणि १७ जणांना जलसमाधी मिळाली. त्या गावाविषयी मी अधिक लिहू इच्छित नाही. एवढेच सांगतो की शोकाकुल माणसापुढे बूम धरून ‘तुम्हाला काय वाटते’ असे मी कधीही विचारले नाही, तेथेही विचारले नाही. मृतांची नावे, वये, नाती तलाठी आणि पोलीस पाटील यांच्याकडून दोनदा पडताळून घ्यावीत, आणि एकही नाव चुकीचे जाणार नाही असे पाहावे, हे त्या दिवशी करण्यासारखे काम होते आणि ते मी केले.

त्याच महापुरात सांगली नगरवाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. कागदावरची स्मृती कशी जाते ते शहराने तेव्हा पाहिले. चुंबकीय फितीवरची स्मृती अशीच, कोणाच्या लक्षातही न येता चालली आहे. १९९५ ते २००५ या दशकातील स्थानिक वार्तापत्रांच्या कॅसेट आजही कित्येक जुन्या केबलचालकांच्या, छायाचित्रकारांच्या आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांच्या माळ्यांवर पडून आहेत. त्यांना बुरशी धरते आहे, आणि त्या चालवणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही दुर्मिळ होत चालले आहेत. कोणत्या तारखेला कोणत्या चौकात पाणी कोठपर्यंत होते, याचा असा जिवंत दस्तऐवज सरकारदरबारीही नाही. ज्यांच्याजवळ अशा कॅसेट असतील, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. त्यांवर तारीख व ठिकाण आठवत असेल तितके लिहून ठेवावे, त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी, आणि तिची एक नक्कल नगरवाचनालयात व एक जिल्ह्याच्या पूरनियंत्रण कक्षात द्यावी. मूळ कॅसेट २०१९ च्या पूररेषेच्या निदान एक मजला वर ठेवाव्यात. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.